आपल्या माणसाचा डोस

ओळखीच्या माणसाने मापावर चिमूटभर जास्त घातलं नाही, तर ती ओळख ग्राह्य धरता येत नाही. भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत हा नियम दूध, पेंड, एसटीतली जागा आणि सातबाऱ्याची नक्कल यांना सारखाच लागू आहे. तो कॅन्सरच्या किरणांनाही लागू आहे, हे भोरच्या मितालीला पुण्यातल्या हॉस्पिटलात कळलं.

मिताली फिजिक्सची पदवीधर. डोसिमेट्रिस्ट होण्याचं प्रशिक्षण घेत होती. गाठीला किती किरण द्यायचे हे डॉक्टर ठरवतात. ते कोणत्या बाजूंनी सोडले म्हणजे शेजारचा मणका आणि लाळेच्या ग्रंथी शाबूत राहतील, याचा नकाशा कॉम्प्युटरवर काढतो तो डोसिमेट्रिस्ट. सहा महिन्यांत तिने एक्याऐंशी नकाशे काढले. त्यातले ऐंशी विभागप्रमुख दीनानाथ सरांनी शांतपणे पुसले. एक्याऐंशीवा पास झाला. तो म्हादूमामांच्या गळ्याचा होता.

म्हादूमामा वेल्ह्याकडच्या पालीच्या वरच्या वाडीत मेंढरं आणि चार गाई राखत. वीस वर्षं मितालीच्या घरी तूप घालत, आणि शेर भरला की वर पळीभर सोडत.

"किती देनार म्हनायचं?" त्यांच्या बायकोने, पारूबाईने विचारलं. मामांचा आवाज बसला होता.

"सहासष्ट ग्रे, मावशी. ग्रे म्हणजे किरणांचं माप. तेहतीस दिवसांत."

"आन् त्या बाकड्यावरल्या बाबाला?"

"त्यांनाही सहासष्टच."

"म्हंजी बिनवळखीच्याला सहासष्ट, आन् आमाला बी सहासष्ट. मंग आमी वीस वर्सं पळीभर वर सोडलं ते काय म्हनून?"

"जास्त दिलं तर मणक्याला इजा होईल."

"मनक्याला नगं. गळ्यालाच दे."

(शास्त्रीयदृष्ट्या ही सूचना बिनचूक होती. पाठ्यपुस्तकाला एवढंच सांगायला सातशे पानं लागतात.)

मामा पटका नीट करून उठले. "चल पारू," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हितं आपलं कुनी न्हाई."

उपचार घेतले नाहीत तर जेमतेम वर्ष, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मितालीने घाईघाईने दोघांना कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसवलं. गाठीच्या मधोमध एक लाल ठिपका होता. "इथं बघा. ठरल्यापेक्षा चार टक्के जास्त."

(असा ठिपका जवळपास प्रत्येकाच्या नकाशात असतो. किरणांचा स्वभावच तसा.)

पारूबाईने पडद्यावर बोट टेकवून खात्री केली. "ह्यो त्या बाबाला हाय?"

"त्यांचा नकाशा मी काढलेला नाही, मावशी," मिताली म्हणाली. हे शंभर टक्के खरं होतं.

मामांनी एकही दिवस न चुकता तेहतीस खेपा केल्या. दोन महिन्यांनी गाठ गेली, आवाज परतला, आणि तो त्यांनी सर्वप्रथम मार्गासनीच्या स्टॉपवर भरलेल्या एसटीत वापरला. विषय: ठिपका.

पुढच्या महिन्यात मितालीला त्रेसष्ट फोन आले. ठिपका हवा, अठ्ठावन्न. ठिपका जावयाला नको, चार. कोंबडी कुठं पोचवू, एक. दीनानाथ सरांनी बोलावलं तेव्हा प्रशिक्षण संपलं असंच तिला वाटलं. सरांनी तिच्यापुढे एक छापील फॉर्म ठेवला: 'विशेष ठिपका मागणी अर्ज (केवळ आपल्या माणसांसाठी)'.

वर्षभरात दोनशे बारा अर्ज आले. सर्व मंजूर झाले. एकाही किरणात बदल करावा लागला नाही. उपचार अर्धवट सोडणारे सोळावरून एकावर आले. (तो दोन ठिपके मागत होता.) मितालीला प्रमाणपत्र मिळालं आणि अर्जांच्या फायलीसाठी स्वतंत्र कपाटही.

तुमच्यावर अशी वेळ न येवो. आलीच तर अर्जाची गरज नाही. तुम्ही इथवर वाचलंत, तुमचा ठिपका मंजूर आहे. तो सगळ्यांनाच असतो हे तुम्हाला आता माहीत झालंय, म्हणून तुमचा जरा मोठा ठेवायला सांगितलंय. दुसऱ्या कुणाला बोलू नका.