मलपृष्ठावरचे रेवणप्पा

जर्मनीहून पुस्तकांचं खोकं आलं तेव्हा श्रीहरी सर देवपूजेला बसले होते. देवाला ओल्या अंगाने तसंच ताम्हणात सोडून ते उठले. भालकीतल्या निवृत्त मास्तराची कादंबरी जर्मन भाषेत छापून येते, ही काही चेष्टा नव्हे. मराठीत ती येऊन बरीच वर्षं झाली होती आणि भालकीत ती कोणी म्हणजे कोणीही वाचलेली नव्हती. सरांनी प्रती भरपूर वाटल्या होत्या, लोकांनी त्या दोन्ही हातांनी घेतल्या होत्या आणि घरी नेऊन टीव्हीखाली ठेवल्या होत्या. आता परदेशाचा शिक्का बसल्यावर तरी गाव आपल्याला वाचेल, अशी सरांना फार आशा होती.

खोकं फोडलं. कव्हर देखणं होतं. सरांनी पुस्तक उलटं केलं, तर मागच्या बाजूला, त्यांच्या नावाच्या वर, गळ्यात हार, अंगावर शाल, डोक्याला फेटा अशा थाटात मंडपवाले रेवणप्पा हसत होते.

"अहो, हे तर रेवणप्पा," नलिनीबाई म्हणाल्या.

"दिसायलंय मला," सर म्हणाले.

घोटाळा कुठे झाला हे कळायला वेळ लागला नाही. प्रकाशकाने लेखकाचा फोटो मागितला, तेव्हा नलिनीबाईंनी मराठी पुस्तकाच्या प्रकाशन समारंभाचा अल्बम काढला होता. आपल्याकडे ज्याचा कार्यक्रम असतो तो सोडून बाकी सगळ्यांचा सत्कार होतो. अध्यक्षांचा झाला, माइकवाल्याचा झाला, मंडप फुकट दिला म्हणून रेवणप्पांचा झाला, आणि हे सगळे सत्कार सरांनीच केले. अख्ख्या अल्बमात सरांचे डोळे उघडे असलेला एकच फोटो निघाला, रेवणप्पांना शाल घालतानाचा. नलिनीबाईंनी बायकोच्या मायेने तोच पाठवला. जर्मन माणसाला बिचाऱ्याला काय ठाऊक? ज्याच्या गळ्यात हार तोच लेखक असणार, असं समजून त्याने शाल घालणारा माणूस कापून टाकला. सरांचा एक पंजा तेवढा रेवणप्पांच्या खांद्यावर राहिला होता.

सरांनी प्रकाशकाला चूक कळवली आणि खोकं पलंगाखाली सारलं. नलिनीबाईंनी शेजारी "कुणाला सांगू नका" असं बजावून सांगितल्यामुळे संध्याकाळपर्यंत बातमी बाजारभर झाली. रेवणप्पा स्वतः येऊन एक प्रत मागून घेऊन गेले. चूक तर चूक, पण आपण जर्मनीला जाऊन आलो, असं त्यांचं म्हणणं पडलं. व्यापाऱ्यांनी लगेच त्यांचा सत्कार ठरवला. मंडप घरचाच होता. प्रमुख पाहुणे म्हणून सरांना बोलावलं आणि सरांनी त्याच रेवणप्पांच्या अंगावर पुन्हा शाल घातली. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. जर्मनीत निदान आपलं नाव तरी छापलंय, इथे तेही कुणी घेतलं नाही, एवढंच ते बोलले. नलिनीबाईंना फार वाईट वाटलं.

सत्कारात एक गोष्ट मात्र आक्रीत झाली होती. पुस्तकात आहे तरी काय, ते दोन शब्दांत सांगा, असं कुणीतरी म्हणालं. लग्नाच्या मंडपावर तासभर बोलणारे रेवणप्पा माइकसमोर नुसते पाणी पीत उभे राहिले. ती लाज त्यांच्या जिव्हारी लागली. घरी जाऊन त्यांनी टीव्हीखालची मराठी प्रत काढली आणि धूळ झटकून वाचायला बसले.

पुढच्या आठवड्यात सकाळीच ते सरांच्या दारात हजर झाले. चेहरा उतरलेला होता.

"सर, गोदाला मारायचं काय काम होतं?"

गोदा म्हणजे कादंबरीची नायिका. शेवटी भावाची वाट बघत ती फाट्यावरच प्राण सोडते.

"तुम्ही वाचलीत?" सरांनी विचारलं.

"मग काय. घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. आमची अक्का दोन दिस नीट जेवली न्हाई. भाऊ उदगीरच्या बसमधी बसलाच होता की. जरा दम धरला असता तर काय बिघडत होतं?"

नलिनीबाईंनी चहा आणला. रेवणप्पांनी तो घेतला नाही, आधी तक्रार पुरी केली. अक्काने गोदाची गोष्ट शेजारणीला सांगितली, शेजारणीने पुस्तक नेलं, आणि आता बाजारात घरोघरी टीव्हीखालच्या प्रती बाहेर निघाल्या होत्या. पण फोटो रेवणप्पांचा, म्हणून जाब त्यांना द्यावा लागत होता.

"बाया लग्नाचा मंडप ठरवायला येतात अन् आधी इचारतात, गोदाला कामून मारलास? एकीनं तर मंडपच दुसऱ्याला दिला. तुमचा फोटो लावा सर, लवकर. बोलणी तुमची हायत, मी कामून खाऊ?"

पुढच्या आवृत्तीत फोटो बदलतो, असं प्रकाशकाचं उत्तर कालच आलं होतं, तेही सरांना सांगायचं सुचलं नाही. आनंदाने त्यांचे डोळे भरून आले होते. ते आत गेले, इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आले आणि पायात चपला सरकवू लागले.

"कुठे निघालात? भाजी कालच आणलीय," नलिनीबाई म्हणाल्या.

"बाजारात," सर म्हणाले. "बोलणी खायला."