कंपनीचं गरम पाणी

ज्ञानेश कोळपेने सहा वर्षांपूर्वी वीस वर्षांच्या मुदतीचं गृहकर्ज घेतलं, सहा वर्षं एकही हप्ता न चुकवता भरला, आणि मार्च महिन्यात बँकेतून स्टेटमेंट आणलं तेव्हा त्याला कळलं की आता फक्त सव्वीस वर्षं राहिली आहेत.

त्याने कागद उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला काही नव्हतं.

“व्याजदर वाढले ना मधे,” बँकेतला माणूस समजुतीच्या सुरात म्हणाला. “तुमच्यावर बोजा नको म्हणून आम्ही हप्ता तेवढाच ठेवला. मुदत वाढवली.”

“मला न इचारता?”

“मेसेज गेला होता तुम्हाला.”

ज्ञानेश छत्तीस वर्षांचा होता. छत्तीस आणि सव्वीस, बासष्ट. रांजणगावच्या ज्या कंपनीत तो मशीन ऑपरेटर होता, तिथे अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ मिळत असे. म्हणजे नोकरी आधी संपणार होती आणि कर्ज पुढे चार वर्षं एकटंच चालत राहणार होतं.

शिरूरच्या बायपासजवळच्या त्या वन बीएचकेमध्ये त्याच संध्याकाळी बैठक बसली. बैठकीला ज्ञानेश, त्याची बायको सारिका आणि दुसरीतली समृद्धी हजर होती.

“महिन्याला तीन हजार जादा भरले तर सव्वीसची सोळा वर्षं होत्यात,” ज्ञानेशने जाहीर केलं. “समृद्धीच्या लग्नाआधी घर आपलं.”

“मी लग्न करणार न्हाई,” समृद्धीने चर्चेत भाग घेतला.

“आन् तीन हजार आणायचं कुठनं?” सारिकाने विचारलं.

“वाचवायचं. थेंबाथेंबानं.”

थेंबांची सुरुवात हॉलमधल्या दिव्यापासून झाली. ज्ञानेशने तो काढून कपाटात ठेवला. सारिका पाबळची. तिथल्या शाळेत ती मुलांच्या बरोबरीने वायरिंग शिकली होती, आणि तिच्यापुढे विजेबद्दल बोलताना आसपासचे इलेक्ट्रिशियनही जपून बोलत. ती म्हणाली, “अवो, नऊ व्हॅटचा दिवा हाय त्यो. रातभर जळला तरी रुपया होत न्हाई.”

“रुपया तर रुपया.”

तिसऱ्या दिवशी त्या अंधारात त्याचा पाय बादलीत गेला. बादली फुटली. नवीन दोनशे वीसला आली. दिव्याची तोवरची बचत तीन रुपयेही नव्हती.

“वाचवायचंच असंल तर गिझरात वाचवा,” सारिका म्हणाली. “दोन हजार व्हॅटचा हाय. बिचाऱ्या दिव्याच्या जिवावर का उठलाय?”

ही सूचना तिने चिडून केली होती, पण ज्ञानेशच्या डोक्यात ती फार खोल गेली. दुसऱ्या दिवशी कामावर असताना त्याला साक्षात्कार झाला की गरम पाणी कंपनीत आहे. पेंट शॉपच्या माणसांसाठी कंपनीने बाथरूमची एक रांगच बांधली होती आणि तिथे चोवीस तास गरम पाणी होतं. तेही असं, की घरच्या गिझरने लाजावं.

त्याची ड्यूटी जनरल शिफ्टची, साडेआठची. पण पहिल्या शिफ्टची बस सव्वासहाला शिरूरहून निघायची. ज्ञानेश ती बस पकडू लागला. पावणेसातला कंपनीत, सातला आंघोळ, साडेसातला कॅन्टीनचा दोन रुपयांचा चहा, मग मोबाइल चार्जिंगला लावून रिसेप्शनवरचा पेपर. संध्याकाळी पाचला ड्यूटी संपली की सव्वापाचची बस सोडून द्यायची. ओव्हरटाइमवाल्यांना सहाला वडापाव असे, आणि कॅन्टीनचा पोऱ्या कोण ओटीचा आणि कोण बिनओटीचा हे विचारत नसे. मग टूल रूममध्ये बसून राहायचं आणि आठच्या बसने घरी. वाचलेले पैसे आणून सारिकाकडे द्यायचे, बँकेत भरायचं काम तिचं.

ओटी तो रविवारच्या कामाची तेवढी घेई, या वेळेची त्याने मागितली नाही. काम केलं नव्हतं तर मागणार कशी? माणूस बचतीचा होता, लबाड नव्हता.

दहाव्या दिवशी त्याने घरून पाच लिटरचा कॅन आणला आणि कूलरचं पाणी भरून निघाला. गेटवर सिक्युरिटीचे हनुमंत मामा होते. मिलिटरीतून आलेला माणूस. त्यांनी कॅन टेबलावर ठेवला आणि चष्मा लावला.

“काय हाय?”

“पाणी.”

“कंपनीचं?”

“व्हय.”

“मग माल बाहेर चाललाय. गेटपास लागंल.” मामांनी पुस्तक उघडलं. “रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल?”

“मामा, पाणी हाय. रिटर्न कसं करू?”

“कसं करायचं ते तुझं तू बघ. फॉर्मात दोनच खानं हायती.”

ज्ञानेशने बराच विचार केला आणि नॉन-रिटर्नेबलवर सही केली. तेव्हापासून रोज एक गेटपास फाटू लागला. पिवळी कॉपी सिक्युरिटीला, गुलाबी एचआरला.

मधे एकदा दौंडकडच्या गावाहून ज्ञानेशचे वडील दगडोबा आले. खांद्यावर कांद्याचं पोतं. उभी हयात मेंढरं राखली आणि आता बागायत करतात. पोरगा रात्री साडेआठला घरी आला आणि ताटावर बसला तो चार घासांत उठला. दगडोबांनी कारण विचारलं. ज्ञानेशने सगळी योजना मोठ्या अभिमानाने सांगितली.

म्हातारा गालातल्या गालात हसला. “म्हंजी वाडवडलांचाच धंदा करतुयास की. आमी बी दुसऱ्याच्या रानात रातभर मेंढरं बसवायचो. रान त्याचं, खत त्याला, आन् वर धान्य आमाला.”

“तसंच हाय आबा.”

“तसंच न्हाई, ज्ञान्या. मेंढरं खत द्यायची. तू काय देतुयास?”

हा प्रश्न ज्ञानेशला टोचला. दुसऱ्या दिवसापासून तो संध्याकाळी एसी असलेल्या टूल रूममध्ये नुसता बसेना. फडकं घेऊन मशीन पुसू लागला.

तिथेच सगळं बिघडलं.

एप्रिल संपेपर्यंत सव्वासहाच्या बसला टॉवेल खांद्यावर टाकलेली आणखी नऊ माणसं येऊ लागली होती. शिरूरमध्ये फ्लॅट घेतलेला ज्ञानेश काही एकटा नव्हता. आणि मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळच्या मीटिंगला, एकशे चाळीस कामगारांसमोर, एचआरच्या अंकिता मॅडमनी ज्ञानेश कोळपेचं नाव पुकारलं.

“या माणसाची ड्यूटी साडेआठची,” मॅडम माइकवर म्हणाल्या. “पण गेले दोन महिने यांचं पंचिंग बघा. पावणेसातला आत, आठला बाहेर. या वेळेचा ओव्हरटाइम? एक रुपया मागितलेला नाही! मी स्वतः सीसीटीव्हीवर बघितलं, संध्याकाळी सात वाजता हे एकटेच मशीन पुसत असतात. अगदी प्रेमाने.”

शाल आली, श्रीफळ आलं, फ्रेम केलेलं सर्टिफिकेट आलं, आणि शेवटी पाकीट आलं. पाकिटात ज्युनियर ऑफिसरपदाचं पत्र होतं. “सगळ्यांनी कोळपेंचा आदर्श घ्यावा,” मॅडम म्हणाल्या. एकशे चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या टाळ्या डास मारताना वाजतात तशा वाजल्या.

शेजारच्या मशीनवरचा हृतिक चहाच्या वेळी म्हणाला, “दादा, आमी तुझं काय वाईट केलं व्हतं रं?”

संध्याकाळी गेटवर हनुमंत मामांनी त्याला वर-खाली न्याहाळलं. “ऑफिसर झालास म्हणं.”

“झालो मामा.”

“आत्तापातूर चार जणांना ह्या गेटातनं ऑफिसर हून जाताना बघितलं म्या. चौघंबी वाळलं.” मामा बोटांवर मोजू लागले. “पगार किती वाढला?”

“अकराशे.”

“आन् रविवारची ओटी किती मिळायची?”

“साडेपाच हजार.”

“ऑफिसरला ओटी नसती. बस कामगारांची, तिच्यात ऑफिसर बसत न्हाई. आता गाडी काढ, पेट्रोल टाक. कंपनीचा ड्रेस बंद, इस्त्रीचं शर्ट आण. आन् पेढं?”

“कसलं पेढं?”

“एकशे चाळीस माणसं हायती, लेका.”

ज्ञानेश त्या संध्याकाळी बसमध्ये हिशोब करत बसला. महिन्याला तीन हजार जादा भरायचं तर बाजूलाच राहिलं, आता हप्त्यालाच सात-आठ हजार कमी पडणार होते. हप्ता चुकला की दंड, दंड वाढला की मुदत. बासष्टचे पासष्ट होणार. या वेगाने बचत केली तर कर्ज समृद्धीच्या मुलांना फेडावं लागेल, आणि ती तर लग्नच करणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो अंकिता मॅडमच्या केबिनमध्ये गेला.

“मॅडम, हे पत्र परत घ्या. माझी लायकी न्हाई.”

“हेच!” मॅडम खूश होऊन म्हणाल्या. “हेच मला हवं होतं. दुसरा असता तर मिरवला असता. बसा. तुमच्यासाठी पहिलं काम काढून ठेवलंय.” त्यांनी एक फाइल पुढे सरकवली. “मार्चपासून सकाळी सहा ते आठ या वेळात गरम पाण्याचा वापर एकदम वाढलाय. दुप्पट. कोणीतरी गैरफायदा घेतंय. प्लांट हेड भडकलेत. तुम्ही त्या वेळेला इथे असताच, तुमच्याइतकं कोणाला कळणार? पंधरा दिवसांत माणूस शोधायचा.”

ज्ञानेशने फाइलकडे पाहिलं. पहिल्याच पानावर आलेख होता, आणि तो ज्या तारखेला चढू लागला होता ती तारीख त्याला तोंडपाठ होती. पंधरा दिवस लपवलं तर ऑफिसर राहणार आणि बुडणार. नऊ जणांवर ढकललं तर सव्वासहाच्या बसमधून पुन्हा धड उतरता येणार नव्हतं. त्याने पायाशी ठेवलेली पिशवी उचलली आणि टेबलावर रिकामी केली. ओला टॉवेल, साबणाची डबी, खोबरेल तेलाची बाटली.

“शोधायला नको मॅडम. त्यो मीच हाय. बाकीचे माझं बघून आले.”

मॅडमनी साबणाची डबी पेनाने बाजूला सरकवली. “आणि ते पेपर वाचणं?”

“घरचा पेपर बंद केलाय.”

“आणि रोज पाच लिटर पाण्याच्या गुलाबी कॉप्या येतात माझ्याकडे. मला वाटलं, मशीनच्या कूलंटची टेस्टिंग चाललीय.”

“प्यायला नेतो, मॅडम.”

“पण संध्याकाळी मशीन पुसत होता ना तुम्ही? प्रेमाने?”

“टूल रूमला एसी हाय. नुसतं बसलं तर बरं दिसत न्हाई.”

अर्ध्या तासात निकाल लागला. लेखी ताकीद. पदोन्नती रद्द. गरम पाण्याचा कॉक शिफ्ट सुटल्यावरच उघडणार, किल्ली सिक्युरिटीकडे. जनरल शिफ्टच्या कामगाराने साडेआठच्या आधी आणि सव्वापाचच्या नंतर आवारात दिसायचं नाही. शाल आणि नारळ परत मागितले नाहीत. हनुमंत मामांच्या मते ते नॉन-रिटर्नेबल होते.

“नशीब काढलंस,” मामा म्हणाले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्याची पिशवी न तपासता त्याला सोडलं.

पुन्हा ओटी, पुन्हा बस, पुन्हा फुकटचा ड्रेस! इतक्या आनंदाने ताकीद खिशात घालून कंपनीतून बाहेर पडलेला तो पहिलाच माणूस असावा. सव्वापाचच्या बसने ज्ञानेश पावणेसहाला घरी पोचला.

सारिकाने दार उघडलं आणि तिचा चेहरा पडला.

“बरं न्हाई का वाटत?”

“ऑफिसरकी गेली! आता रोज ह्या येळेला घरी.”

“रोज?” सारिकाने त्याच्या मागे कुणी आहे का ते पाहिलं, मग दार लावलं. “चहा टाकू?”

“टाक की. जरा आलं घाल. आन् गिझर लाव, दिवसभर घामाघूम झालोय.” तो पंख्याखाली पसरला आणि टीव्ही लावला. “भज्याचं बघ काही जमतंय का.”

सारिका स्वयंपाकघरात गेली नाही. कपाटातून तिने बँकेच्या पावत्या आणल्या आणि त्याच्या मांडीवर ठेवल्या. दोन महिन्यांत तिने साडेआठ हजार रुपये जादा भरले होते.

ज्ञानेशचे डोळे भरून आले. “बघ! म्हणलं व्हतं का न्हाई? थेंबाथेंबानं. माझ्या आंघोळीनं एवढं वाचलं?”

“आंघोळीचं सहाशे.”

“आन् बाकीचं?”

“बाकीचं तुम्ही घरात नव्हता म्हणून.” सारिका शांतपणे सांगू लागली. “एकोणतीस दिवस पुरणारा सिलिंडर सत्तेचाळीस दिवस पुरला. संध्याकाळी तुमचं मैतर यायचं, चहा, पोहं, शेव, ते बंद झालं. टीव्ही न्हाई, पंखा न्हाई. आमी मायलेकी खिचडी खातो आन् गप झोपतो. तुम्ही असला की भाजी पायजे, भाकरी पायजे, वर तळल्यालं पायजे.”

ज्ञानेशने टीव्हीचा आवाज कमी केला.

“ऑफिसर असता तर कवा सुटला असता?” तिने विचारलं.

“ऑफिसरला घड्याळ नसतं. आठ, नऊ. कधी दहा.”

“आन् जेवण?”

“जेवून यायचं. त्यांचं कॅन्टीन येगळं.”

“रविवारी?”

“मीटिंगा असत्यात.”

सारिका त्याच्याकडे बघत राहिली. लग्नात माळ घालताना असावी तशी मऊ नजर होती ती.

“मॅडमनी कागद फाडला न्हाई ना अजून?”

“सारिका, ऑफिसरचा पगार कमी पडतो! ओटी जाती, पेट्रोल लागतं, कपडं लागत्यात...”

“अवो, तुम्ही घरी बसून त्याच्यापरीस जास्ती महाग पडता.”

थोड्या वेळाने ज्ञानेश समृद्धीच्या जुन्या वहीचं कोरं पान फाडून अर्ज लिहायला बसला. ‘विषय : पदोन्नती रद्द केली ती रद्द करणेबाबत.’ ‘महोदया’ लिहून झालं तेवढ्यात समृद्धी आली आणि त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद करून गेली.