येथे गुलाब टाकून मिळणार नाहीत

शिवाप्पांच्या दुकानाच्या दारावर पाटी होती : ‘येथे गुलाब टाकून मिळणार नाहीत.’ जिना चढून येणाऱ्या नवख्या माणसाला वाटायचं, आत एखादा फुलवाला बसलाय आणि त्याचं डोकं फिरलंय. शिवाप्पा फुलवाले नव्हते, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. ते लग्नाच्या व्हिडिओचं शूटिंग आणि एडिटिंग करायचे. शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान, मध्ये प्लायवूडची भिंत. त्यामुळं त्यांचा आवाज मला दिवसभर ऐकू यायचा. तसा तो पार पलीकडच्या कागल गावातही ऐकू जात असावा.

तो सीडीचा जमाना होता. टेपवरचं लग्न कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं, कापायचं, जोडायचं आणि मग त्याची सलग फिल्म करायला मशीनला सांगून वाट बघत बसायचं. याला रेंडर म्हणत. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत राहायची. इतर दुकानांत ती शेवटाला आली की हमखास अडकायची आणि सगळं पहिल्यापासून. शिवाप्पांची पट्टी मात्र पळायची. इतकी वर्षं बघूनही मी दर वेळी तोंडात बोट घालून उभा राहायचो.

“मशीन म्हंजे पैलवान हाय, झेरॉक्स,” ते मला सांगायचे. माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. “रॅम त्येचा खुराक. आणि वाढणारा एक, जेवणारा दुसरा पायजे. एकाच डिस्कनं वाढायचं बी आणि खायाचं बी, मग पळंल कसं?” म्हणून त्यांच्याकडं एका डिस्कवरचं लग्न दुसऱ्या डिस्कवर उतरायचं. कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण बारा महिने उघडं आणि टेबलफॅनचं तोंड त्या डब्याकडं. स्वतः शिवाप्पा घामानं निथळत बसायचे. रेंडर सुरू झालं की चपला बाहेर, मोबाइल बाहेर, माउसला हात नाही. कुणी खोकलं तरी ते मागं वळून बघायचे.

खरी मेख मात्र इफेक्टमध्ये होती. चित्र आहे तसं ठेवलं तर मशीन ते नुसतं उचलून पलीकडं ठेवायचं. त्यावर काही नटवानटवी केली, की एकेक चित्र नव्यानं काढत बसायचं. आणि लोकांना तर नटवानटवीच हवी असायची. नवरा-नवरी गोल फिरणाऱ्या बदामात बसलेली पाहिजेत, वरून गुलाब पडले पाहिजेत. “पैलवानाला शालू नेसवून पळ म्हणतासा व्हय?” शिवाप्पा ओरडायचे. बदाम त्यांनी कधीमधी सहन केला असेल. गुलाबाचं नाव काढलं की गिऱ्हाईक जिन्यात.

मला कोडं पडायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. घाई कुणालाच नसायची. लोक सीडी न्यायला सणवार उलटल्यावर यायचे. तरी शिवाप्पा अक्षता पडतानाचा भाग आधी वेगळा काढायचे, दुसऱ्याच दिवशी स्कूटरवरून मुलीच्या घरी जायचे आणि सीडी मुलीच्या आईच्याच हातात द्यायचे. चहालासुद्धा थांबायचे नाहीत. स्वतः तयार केलेली फिल्म लोकांबरोबर बसून बघताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

“एवढी घाई कसली हो?” मी एकदा विचारलं.

“तुला न्हाय कळायचं. तू कागदावरनं कागद काढ.”

मग आमच्या ताईचं लग्न ठरलं, तेही घाईतच. आईच्या हृदयाचं ऑपरेशन मिरजेला ठरलं होतं आणि लेकीच्या डोक्यावर अक्षता पडल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही, असं तिनं डॉक्टरांना सांगून टाकलं होतं. आई त्यातून सुखरूप परत आली, आजही मला ओरडते. पण तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं? आम्ही सगळे वरवर हसत होतो आणि आतून पार घाबरलो होतो.

मुलीच्या आईनं लग्न लागताना बघायचं नाही, अशी आमच्याकडं रीत. मंगलाष्टकं सुरू झाली तशी आई कार्यालयाच्या मागच्या दाराशी गेली आणि मांडवाकडं पाठ करून तुळशीच्या कुंडीत पाणी घालत उभी राहिली. ज्या अक्षतांसाठी तिनं ऑपरेशन पुढं ढकललं, त्या पडताना तिनं फक्त ऐकल्या. ताई इचलकरंजीला सासरी गेली. आईची पिशवी मिरजेसाठी भरून ठेवली होती, परवा सकाळी निघायचं होतं. रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, “कशी दिसत हुती रं, अंतरपाट काढल्यावर?”

लग्नाचं शूटिंग शिवाप्पांनीच केलं होतं. आईचं हे बोलणं सकाळी मी त्यांना सांगितलं. त्यांनी पाटीवरची धूळ पुसली आणि ते कामाला बसले.

दुपारी आमचे मामा येऊन स्टुलावर बसले. “अक्षता पडताना वरनं गुलाब टाका. झ्याक दिसतंय.”

“पावणं, अक्षता पडत्यात की! आणखी काय काय पाडू?”

मामा पेटले. शिवाप्पाही पेटले. त्याच सुमाराला पट्टी निम्म्यावर आली आणि लाइट गेली. बॅटरी होती, पण ती मशीन आणि पंखा दोन्ही ओढणार नव्हती. शिवाप्पांनी पंखा बंद केला. आता डबा तापला तर मशीन जागच्या जागी थिजणार आणि सगळं पहिल्यापासून. आईकडं तेवढा वेळ नव्हता.

शिवाप्पांनी ताईच्या लग्नाची पत्रिका उचलली, डब्यापुढं मांडी घातली आणि वारा घालायला सुरुवात केली. घाम नाकावरून टपकत होता, पण डोळे पट्टीवरून हलले नाहीत. तालमीत कमावलेले हात ते, तरी दमले. “पावणं, हात बदला!” ते गरजले. आणि आमचे मामा, ज्यांनी आयुष्यात स्वतःला कधी वारा घालून घेतला नाही, ते धोतर सावरून खाली बसले आणि कॉम्प्युटरला वारा घालू लागले. मग मी. मग पुन्हा शिवाप्पा. मी पुष्कळ कुस्त्या बघितल्यात, पण इतका जीव मुठीत धरून एकही बघितली नाही. पट्टी पलीकडं टेकली तेव्हा मामांनीच आरोळी ठोकली. गुलाबांची आठवण कुणालाच राहिली नव्हती.

लाइट आल्यावर आम्ही घरी गेलो. शिवाप्पांनी सीडी आईच्या हातात दिली आणि चपला शोधायला लागले. मी सीडी लावली. अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, आणि ताईनं नवऱ्याकडं बघायच्या आधी मान वर करून गर्दीत कुणालातरी शोधलं. कुणाला, ते आम्हाला सांगायला नको होतं. आईनं पदर तोंडाला लावला.

थोड्या वेळानं तिचं लक्ष दाराकडं गेलं. “शिवाप्पा, तुमच्या घरातल्यांनी बघितलं व्हतं का वं, लेकीचं लगीन?”

त्यांच्या बायकोला जाऊन काही वर्षं झाली होती, एवढंच आम्हाला माहीत होतं. शिवाप्पा चपलेत पाय घालता घालता थांबले. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. प्लायवूडच्या पलीकडं तो आलाच नसता.

“न्हाय, अक्का. ती बी तुमच्यागत तुळशीपशीच हुती. मग अंथरुणाला खिळली. रोज इचारायची, झालं का, झालं का. मशीन नवं हुतं, एकुलती एक लेक... म्हटलं, झ्याक करून दावू.” ते उंबऱ्याकडं बघत राहिले. “ती गेली तवा मी गुलाब टाकत हुतो.”

आईनं सतरंजीवर सरकून जागा केली आणि मला म्हणाली, “लाव परत, पहिल्यापासनं.”

शिवाप्पांनी चपला काढल्या, आत आले आणि तिच्या शेजारी बसून लग्न बघू लागले.