अर्जनवीस व्यंकटराव आणि चंद्रावरची फौज

व्यंकटरावांना तोंडी काही सांगून उपयोग नसायचा. समोरचा बोलू लागला, की ते चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "तोंडी चालत न्हाई. अर्ज करा." एकदा त्यांच्या धोतराला विंचू चढला होता. मी ओरडून सांगितलं, तरी 'तोंडी' एवढं निघालंच. पुढचं मात्र उडी मारताना राहून गेलं.

केजच्या तहसील कचेरीसमोर, चिंचेखाली, उतरतं मेज मांडून ते बसत. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहायचा, वाचून दाखवायचा, अंगठा घ्यायचा, हा त्यांचा धंदा. मी कचेरीत कारकून. त्यांचा अर्ज वाचून आमच्या साहेबांनी दोनदा डोळे पुसलेले मी पाहिलेत, आणि तो अर्ज नुसता नाल्याच्या हद्दीचा होता.

जर्मनची लढाई चालू होती, त्या दिवसांत या गृहस्थांनी शंभर वर्षांनी होणाऱ्या लढाईची चित्रकथा काढली. पहिला अंक, सोळा पानं, प्रत एकच. कारण छापायचं तर हैदराबादेहून परवानगी आणावी लागे. उडत्या तोफा, वाफेवर चालणारे लोखंडी हत्ती, आणि शत्रू थेट चंद्रावरचा.

"चंद्रावरचाच का?" मी विचारलं.

"त्यांचा वकील हैदराबादेत न्हाई. तक्रार कोण करंल?"

अंक मेजावर असे. कुणीही बघावा, फक्त आधी लोट्यातल्या पाण्यानं हात धुवावे. डागाचा त्यांना भयंकर तिटकारा. पानावर माशी बसली तर ते तिच्याकडेही चष्म्यावरून बघत.

तक्रार करणारे मात्र गावातच निघाले. आणि तोंडी चालत नसल्यामुळे सगळे अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याचकडे आले. पहिला महादू. चित्रातली विहीर त्यानं ओळखली होती.

"ही हीर माझी. ह्या दोन बाभळी माझ्या. चंद्रावरचं लोक माझ्याच ज्वारीत काहून उतरवलं? हुरडा आलाय. खळं झाल्यावर लढा म्हणावं!"

शंभर वर्षांनंतरच्या लढाईत यंदाची ज्वारी कशी तुडवली जाईल, हे कुणीच विचारलं नाही. व्यंकटरावांनी दौत उघडली आणि स्वतःविरुद्ध असा काही अर्ज लिहिला, की ऐकताना महादूच घाबरला. "सदर चित्रकार ही निर्दय असामी असून, तिने अर्जदाराच्या पोटावर लोखंडी हत्तीचा पाय दिला आहे…"

"एवढं कडक नगं, मालक. तुमी चांगलं मानूस हाय."

"मधी बोलू नका. अंगठा लावा."

मग ते उठले, मेजाला वळसा घालून पलीकडे बसले, आणि जन्मात प्रथमच पाहिल्यासारखा तो अर्ज वाचला. कपाळाला आठ्या घातल्या. खाली शेरा मारला: दाखल दफ्तर. म्हणजे कागद बासनात, आणि चित्र जसंच्या तसं.

रहीमचाचा शिंप्याचं म्हणणं वेगळं. "उडत्या तोफेवरल्या शिपायाच्या कोटाला गुंड्या न्हाईत. वर थंडी लई. सर्दीनंच मरंल, गोळीची जरूरत काय?" दाखल दफ्तर. मीसुद्धा रीतसर अर्ज केला, की लोखंडी हत्तीला शेपूट कशाला. दाखल दफ्तर.

"एक रेघ बदलणार न्हाई," ते छाती काढून सांगत. "समदं इचार करून काढलंय."

पण खरं सांगायचं तर या सगळ्या वाचकांचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. त्यांना एकच वाचक हवा होता. घरी थोरली बहीण होती, अक्का. तिचा एकुलता एक नारायण नगरला जाऊन पलटणीत भरती झाला आणि खेचरं घेऊन समुद्रापार, बसऱ्याच्या लढाईवर गेला. दोन वर्षं पत्र नव्हतं. लहानपणी मामा-भाचे दोघं मिळून भिंतीवर कोळशानं याच उडत्या तोफा काढायचे. अक्काला अक्षर येत नाही, म्हणून तर कथा चित्रांची. रोज संध्याकाळी ते अंक तिच्या चुलीजवळच्या फळीवर ठेवत, आणि सकाळी मला सांगत, "उघडला न्हाई." असा केविलवाणा सूर त्यांनी अर्जातसुद्धा कधी लावला नव्हता.

एके दिवशी भर दुपारी अक्का चिंचेखाली आली. पदर सावरून रांगेत उभी राहिली. व्यंकटराव धडपडत उठले. "अक्का, तू कशाला? घरी बोलली असतीस."

"तोंडी चालत न्हाई म्हनं. लिव्ह. शेवटच्या पानावर, खेचराच्या पायाशी, एक गडी पालथा पडलाय. त्याला उठीव."

त्यांनी लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं अक्षर वाकडं आलं. "कारण… कारण लिहावं लागतं, अक्का."

"त्याची माय वाट बघती."

अंगठा झाला. ते मेजाला वळसा घालून गेले, कितीतरी वेळ वाचत राहिले, आणि शेरा मारला: मंजूर. त्यांच्या हातून तो शब्द लिहिलेला मी तेव्हाच पाहिला. मी कचेरीकडे बघत राहिलो.

चाकूनं शाई हलके हलके खरवडून त्यांनी त्या गड्याला उभं केलं.

"तोंड घराकडं कर," अक्का म्हणाली.

"ह्या पानात घर कुठंय, अक्का?"

तिनं हात पुढं केला आणि तोच शाईचा अंगठा पानाच्या कोपऱ्यावर टेकवला. "हितं."

मोठा काळा डाग उठला. व्यंकटरावांनी टिपकागद घेतला नाही. टाक बुडवला, आणि त्या डागाला दार काढायला घेतलं.