सिस्टरचा अभ्यास आणि माझा खांदा

"...समोरची सिस्टर घर सोडून चालली म्हणे. आणि नवऱ्याला तर..."

एवढं बोलून दूधवाली थांबली, कारण जिन्याच्या वळणावर तिला मी दिसलो. जिना झाडणाऱ्या बाई लगेच जोरजोरात झाडू मारू लागल्या. (मी दिसलो की आमच्या इमारतीत साफसफाई फार जोमानं होते.)

नवऱ्याला तर काय? सोडून जाणार? घरी आलो, चहा तसाच ठेवला. शेवटी मी एक छोटासा निर्णय घेतला. आपलं दार चार बोटं उघडं ठेवायचं.

"हे कशाला?" बायकोनं विचारलं.

"हवा येते."

"हवा खिडकीतून येते. दारातून तुम्ही बाहेर डोकावता."

आमच्या समोर राहणारी सिस्टर इस्पितळात नर्स आहे आणि तिचा नवरा वायरमन. दोघं गरीब स्वभावाची. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. (इथेच पाल चुकचुकते. ज्या घरातलं भांडण ऐकू येत नाही, त्या घरात नक्कीच काहीतरी शिजत असतं.)

फटीला कान लावला, तर सिस्टर स्पष्ट इंग्रजीत म्हणाली, "आय कट मायसेल्फ." पाठोपाठ "आई गं!"

मग "आय हर्ट मायसेल्फ," आणि धप्पकन कुणीतरी पडलं.

मी मॅट्रिकच्या उंबरठ्यावरून परत आलेला माणूस, पण कापणं, लागणं एवढं इंग्रजी मला कळतं.

"अगं, ती स्वतःच्या जिवाचं काहीतरी करून घेतेय!"

"काहीतरी पाठ करत असेल हो."

"पाठ करताना कुणी धप्पकन पडतं का? आणि इंग्रजीत का? शेजाऱ्यांना कळू नये म्हणून!"

बायको कणकेच्या हातानंच कपाळ बडवणार होती, तेवढ्यात समोरून आलं, "आय लॉक्ड मायसेल्फ इन!" खट्ट आवाज झाला. मग दारावर धडाधड थापा आणि सिस्टरची हाक, "अहो, उघडा ना!" त्यावर नवऱ्याचा आवाज, "थांब, आता बघतोच!"

आता थांबणं म्हणजे पाप होतं. समोरचं दार ढकलून मी आत घुसलो. न्हाणीघराच्या बंद दारासमोर वायरमन उभा, हातात भला थोरला स्क्रू ड्रायव्हर!

"खबरदार!" मी ओरडलो, ते हत्यार हिसकावलं आणि खिडकीबाहेर भिरकावलं. ते सरळ मागच्या नाल्यात गेलं.

"काका! अहो, खटका अडकलाय! बाकीची अवजारं कामावर राहिलीत. आता उघडू कशानं?"

"मग ती आत गेली कशाला?"

"अभ्यासाला!" न्हाणीघरातून उत्तर आलं.

मग बंद दाराआडून मला सगळा उलगडा झाला. मुख्य नर्सच्या जागेसाठी सिस्टरची आज दुपारी इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. मागच्या खेपेला ती याच 'सेल्फ'पायी नापास झालेली. आज चुकली तर जागा दुसरीला जाणार होती.

"करणारीही मीच आणि भोगणारीही मीच, तर 'मायसेल्फ' म्हणायचं, काका. आपल्याकडे सगळ्यांना मिळून एकच 'स्वतः'. त्यांच्याकडे माणसागणिक वेगळं. मागच्या वेळी पेशंटला अंग धुवायला सांगताना 'युवरसेल्फ'ऐवजी म्हटलं, 'वॉश मायसेल्फ!' परीक्षकांनी विचारलं, पेशंटनं तुम्हाला अंघोळ घालायची का?"

"पण ते कापणं? ते पडणं?"

"इस्पितळात हाताला काम आणि तोंडानं त्याचं नाव, असंच शिकवतात. केल्याशिवाय माझ्या डोक्यात बसत नाही. कापली ती करंगळी, आणि पडले ती पलंगावरून. उशी सरकली."

"काका, तासाभरात बस आहे तिची," वायरमन रडकुंडीला येऊन म्हणाला.

माझ्यामुळे एका बाईची बढती हुकणार! मी चार पावलं मागे गेलो, देवाचं नाव घेतलं आणि खांद्यानं दारावर झेप घेतली.

"काका, दार बाहेर उघडतं!" वायरमन ओरडला. (हे तो आधी सांगू शकला असता.)

दार होतं तसंच राहिलं. खांदा मात्र राहिला नाही. मी फरशीवर बसून विव्हळत असताना बायको आली. हातातलं उलथनं तिनं फटीत सारलं, जरा दाबलं, आणि खटका मागे सरकला.

"एवढा वेळ दोन पुरुष काय करत होते?" तिनं विचारलं.

सिस्टर बाहेर आली. आधी घड्याळ बघितलं, मग माझा खांदा. ओढणीची झोळी करून तिनं माझा हात गळ्यात बांधला आणि संतापाच्या भरात कडाडली, "यू हॅव हर्ट युवरसेल्फ! नाऊ बिहेव युवरसेल्फ!"

"बरोबर! दोन्ही बरोबर!" वायरमननं टाळ्या वाजवल्या.

बस मिळाली आणि सिस्टर पास झाली. गळ्यातला हात दाखवत मी इमारतभर सांगत फिरलो की या यशात माझा हातभार आहे. (बायको म्हणाली, खांदाभार म्हणा.)

पुढच्याच महिन्यात दाराशी टेम्पो लागला. म्हणजे सिस्टर घर सोडून चालली हे खरं होतं. नवऱ्याला सोडून मात्र नाही, कारण कपाटाचं एक टोक त्याच्याच डोक्यावर होतं. दोघं मुख्य नर्सला मिळणाऱ्या इस्पितळाच्या क्वार्टरमध्ये राहायला निघाली होती.

मी विचारलं, "तिथे राहायची सक्ती आहे का रे?"

"सक्ती नाही हो, काका," कपाटाखालून वायरमन भाबडेपणानं म्हणाला. "हिनं बघताक्षणी पसंत केलं. तिथे समोर कुणाचं दारच नाही."