गावंडेबाई आणि बोंडअळीचे पतंग

गावंडेबाईंपुढे "आज फार ऊन आहे" असं म्हणायची सोय नाही. त्या लगेच पर्समधून थर्मामीटर काढतात. "मोजलं काय तुमी?" मग भर एसटीत, कंडक्टरच्या साक्षीनं, उन्हाची मोजणी होते.

आम्ही दोघी अकोल्यात जठारपेठेत राहतो आणि बाळापूरच्या एकाच शाळेत आहोत. मी मराठी शिकवते, बाई विज्ञान. म्हणजे मी शिकवते आणि बाई करायला लावतात. पचनाचा धडा असला की अख्ख्या वर्गाला भाकरीचा घास देऊन गोड लागेपर्यंत चावत बसवतात. त्यानंतर माझा तास असतो. कवितेच्या वाट्याला रवंथ करणारा वर्ग येतो.

यंदा बाईंच्या डोक्यात कपाशीवरची गुलाबी बोंडअळी शिरली. कृषी विद्यापीठात अळीवर काय संशोधन चाललंय ते सुट्टीच्या दिवशी ऐकून यायचं आणि सोमवारी पोरांच्या गळी उतरवायचं. मग कामगंध सापळे आले. सापळ्यात मादीच्या वासाची रबरी गोळी असते; त्या वासाला भुलून नर पतंग येतात आणि अडकतात. बाईंच्या विज्ञान मंडळातली पोरं बापाच्या कपाशीत सापळे टांगून रोज पतंग मोजू लागली.

इथवर ठीक होतं. पण स्नेहसंमेलनाच्या दिवशी बाईंनी उरलेल्या गोळ्यांचं फोडलेलं पाकीट ठेवलं कुठे, तर पाहुण्यांच्या शालीच्या खोक्यात. तीच शाल संध्याकाळी संस्थेच्या अध्यक्षांच्या खांद्यावर चढली. शाळेच्या मागे कपाशीचं वावर. दिवे लागले, भाषण सुरू झालं आणि पतंग आले. एक कॉलरवर बसला, एक माईकवर, मग रीघच लागली. अध्यक्ष हात झटकू लागले. बाई स्टेजवर धावल्या. मला वाटलं, माफी मागतील.

"साहेब, हालू नका जी," बाई म्हणाल्या, "मोजून राहिली."

मोजून झाल्यावर त्यांनी माईकवरून शास्त्रीय खुलासाही केला, की हे सगळे नर आहेत आणि अध्यक्षांना मादी समजून आले आहेत. पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. अध्यक्षांनी शाल काढली आणि मुख्याध्यापकांनी बाईंकडून प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. विज्ञान मंडळ बंद.

दुसऱ्या दिवशी एसटीत बाई नुसत्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मी आपलं समजुतीचं बोलले, की बरंच झालं, आता संध्याकाळी लवकर घरी जाल, जरा आराम कराल.

"घरी जाऊन काय करू?" बाई म्हणाल्या. "आई होती तवा तिले दाखवत होती. आता काही नवं दिसलं त कोणाले दाखवू? पोट्टे डोळे मोठे करून 'हो बाई?' म्हणतात ना, तेवढ्यावर माहा दिवस जाते."

 

पुढच्या दिवशी सकाळी मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि विज्ञान मंडळाची जबाबदारी माझ्या नावावर टाका म्हटलं. त्यांनी आधी मला बरं आहे ना असं विचारलं, मग किल्ली दिली. अट एकच, मंडळ भरेल तेव्हा मी बाईंच्या शेजारी हजर पाहिजे.

किडा म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. आता दर शनिवारी बाई चिमट्यात मेलेला पतंग धरून थेट माझ्या नाकापर्यंत आणतात आणि पंखाची झालर दाखवतात. मी डोळे मोठे करते आणि म्हणते, "हो बाई?"