सुभेदाराचा लिलाव

एकच खेचर सबंध सकाळभर विकत राहायचं, आणि संध्याकाळी ते आपल्याच दावणीला असायचं! वाचकहो, एवढी सुरेख योजना नगर शहरात आजवर दुसऱ्या कुणाला सुचली असेल, तर त्याने पुढे यावं. मी त्याला चहा पाजीन. मला ती सुचली शाळेच्या पटांगणावर, मुलींची कवायत घेताना. आणि स्वतःचीच इतकी आवडली, की 'विश्राम' म्हणायचं मी विसरले. मुली बिचाऱ्या हात वर करून उभ्याच!

योजनेची गरज का पडली, ते आधी सांगते. पुणे रस्त्याला, केडगावच्या अलीकडे, माझ्या बाबांनी म्हाताऱ्या, लंगड्या, टाकून दिलेल्या जनावरांसाठी एक लांबलचक छपरी घातली होती. पाटीवर 'मुक्या प्राण्यांचा आसरा' असं लिहिलेलं होतं, पण मुकं तिथे कुणीच नव्हतं. दोन गाढवं, एक टांग्याचा निवृत्त घोडा, शिंग मोडलेली गाय आणि असंख्य कुत्री मिळून पहाटे अशी काही प्रार्थना म्हणत, की केडगावचे लोक आमच्याकडे बघून खाकरत.

बाबा आषाढात गेले. ते होते तोवर वैरण कुठून येते, हे कुणी विचारलं नव्हतं. ते गेल्यावर कळलं, की ती त्यांच्या पेन्शनीतून येत होती. पेन्शन त्यांच्याबरोबर गेली. जनावरांची भूक मात्र इथेच राहिली. लढाई नुकतीच संपली होती, पण कडब्याचे भाव अजून आघाडीवरच होते. मार्गशीर्ष लागला तेव्हा छपरीतली कडब्याची गंज माझ्या कमरेला आली. वैरण घेतली नाही, तर जनावरं काढावी लागणार. आणि म्हाताऱ्या जनावराला बाजारात एकाच तऱ्हेचं गिऱ्हाईक असतं. ते हातात सुरी घेऊन येतं.

आमच्या आसऱ्यातली सगळ्यात वजनदार असामी म्हणजे सुभेदार. लष्कराने मोडीत काढलेलं खेचर. मागचा एक पाय लंगडा आणि मुद्रा निकाल लावायला बसलेल्या परीक्षकासारखी. बाबा रोज सकाळी त्याला वर्तमानपत्रातल्या बातम्या सांगत. बाबा गेल्यापासून त्याने फाटकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. दिवसभर फाटकाकडे तोंड करून उभा.

"वाट बघतोय बिचारा," मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

"माश्या मारतोय," इलीमावशी म्हणे. एलिझाबेथमावशी ही माझ्या आईची धाकटी बहीण. तिच्यात भावना पुष्कळ आहेत, पण त्या ती सणावारीच बाहेर काढते.

आता योजना. आम्ही ख्रिस्ती मंडळी कापणीच्या सणाला देवळात शेतातलं काहीबाही घेऊन जातो: भोपळा, कणसं, अंडी, एखादा कोंबडा. उपासना झाली की त्यांचा लिलाव होतो. ज्याने भोपळा घेतला तो पैसे टाकतो. मग पुकारणारा त्याला विचारतो, "परत?" घेणारा म्हणतो, "परत!" म्हणजे भोपळा पुन्हा देवाला, पुन्हा लिलावात. असा एकेक भोपळा खंडीभर वेळा विकला जातो आणि शेवटी पाळकसाहेबांच्या घरी शिजतो. जो 'परत' म्हणत नाही, त्याच्याकडे पुढच्या सणापर्यंत सगळे बघतात.

भोपळा एवढ्यांदा विकला जातो, तर खेचराने काय घोडं मारलंय?

"वा!" गिदोनकाका ओरडले. हे बाबांचे मित्र. मंडळीचे, म्हणजे आमच्या देवळाचे, सगळे लिलाव वर्षानुवर्षं त्यांनीच पुकारलेले. आवाज असा, की पलीकडच्या वाडीतला कोंबडाही उलटून बोली लावील! "सारा, तू बापाची लेक शोभतेस! सुभेदार विकायचा, परत घ्यायचा, विकायचा, परत घ्यायचा!"

"आणि कुणी खरंच घेऊन गेलं तर?" मावशीने विचारलं.

"सुभेदाराला?" मी हसले. "मावशी, अगं चार महिन्यांत त्याने फाटक ओलांडलेलं नाही. बाबांशिवाय तो कुणाबरोबर जाईल?"

शनिवारी सकाळी आसऱ्यापुढे ही गर्दी लोटली! मंडळीतले सगळे आले. बाबांच्या ओळखीचे आले. बाबांशी बुद्धिबळ खेळणारे नृसिंहराव वकील पगडी घालून आले आणि खुर्ची मागून पहिल्या रांगेत बसले. त्यांना आमची 'परत'ची रीत मी नीट समजावून दिली. ते म्हणाले, "म्हणजे ताबा नाही, फक्त किंमत. उत्तम! आमच्या धंद्यातही तसंच असतं."

सुभेदाराला मागे, फाटकाजवळच्या लिंबाला बांधलं होतं. गिदोनकाका समोर उलट्या घंगाळावर चढले आणि सुरू झाले.

काय तो लिलाव! वस्तू परत द्यायचीच, म्हणून बोल्या लहान लहान. पण झडत होत्या लाह्यांसारख्या. "चार आणे! सहा आणे! एक वार, दोन वार... परत?" "परत!" टाळ्या! "अहो, खेचर आहे खेचर, मुळा नव्हे! कोण बोलतंय?" "दहा आणे!" "परत?" "परत!" मावशी पैशांची पेटी मांडीवर घेऊन बसली होती, आणि पेटी वाजत होती, तसा तिचा चेहरा सणावारासारखा होत होता. माझ्या हातून टाळ्या थांबेनात. बाबा असते तर... पण बाबा असते तर लिलाव कशाला लागला असता!

मध्येच बोली जरा मंदावली. काकांना ते खपलं नाही. बोली पुकारताना ते डोळे मिटून घेतात, प्रार्थनेची सवय. तसेच मिटल्या डोळ्यांनी ते गरजले, "अरे, ही काय मुंगीची चाल! आता श्रीमंतांनी पुढे यावं! श्रीमंत कुठे आहेत?"

"हाय की! हितं हाय!" मागून आवाज आला.

तांबडा फेटा बांधलेला एक मनुष्य, काखेत रिकामी पोती आणि खांद्यावर उसाच्या वाढ्याची हिरवीगार मोळी. बाजारात गूळ घालून गावाकडे निघाला असावा, गर्दी बघून थांबला असावा. "मला कसं काय वळखलं?" त्याने आश्चर्याने विचारलं.

"श्रीमंताला कोण ओळखत नाही!" काका डोळे न उघडता म्हणाले. "बोला, श्रीमंत, बोला!"

भर सभेत नाव घेऊन पुकारल्यावर माघार कोण घेईल? त्याने बोली केली. चांगली घसघशीत, दोन रुपयांची! सगळ्यांनी माना वळवून त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. त्याने कनवटीचे पैसे मोजून मावशीच्या पेटीत टाकले.

"परत?" काकांनी विचारलं.

"व्हय, परतच!" तो म्हणाला.

टाळ्यांचा काय कडकडाट उठला! परका माणूस, मंडळीतला नव्हे, नात्यातला नव्हे, आणि न सांगता आमची रीत पाळतो! माझे डोळे भरून आले. त्या गडबडीत त्याचं पुढचं वाक्य कुणाला ऐकू गेलं नाही. ते मागाहून लंकाबाईने सांगितलं. लंकाबाई आमच्याकडे शेणगोठा बघते आणि तेव्हा फाटकाशी उभी होती. वाक्य असं होतं: "परतच निगालो. दिस बुडायच्या आत सुप्याला पोचाय पायजे."

लिलाव दुप्पट जोराने सुरू झाला. या खेपेला नृसिंहराव आणि पोस्टमास्तर यांच्यात अशी जुंपली, की लोक उभे राहिले. "एक वार! दोन वार! तीन वार! वकीलसाहेब! परत?"

नृसिंहराव सावकाश उठले. पगडी नीट केली. देणगी जाहीर करणाऱ्या माणसाने वळून पाहावं, तसे वळले.

"अवश्य देतो," ते म्हणाले. "पण वस्तू कुठे आहे?"

सगळी सभा मागे वळली. लिंबाखाली सुभेदार नव्हता! दावं नव्हतं! ताजी लीद तेवढी होती.

"ही मी विकत घेतलेली नाही," नृसिंहराव म्हणाले.

"लंकाबाई!" मी किंचाळले. "सुभेदार कुठाय?"

"त्यो? त्या फेटंवाल्यानं न्हेला की मघाच."

"नेला? आणि तू बघत राहिलीस?"

"मंग काय करू! मला वाटलं तुमी इकला. सकाळपास्नं इकतच तर हुता समदे!"

मी रस्त्यावर धावले. एक टांगा उभा होता, त्यात मी चढले, माझ्यामागे मावशी पेटीसकट चढली, मग नृसिंहराव, आणि शेवटी गिदोनकाका मागच्या बाजूला बसले. त्याबरोबर टांगा मागे कलला आणि घोड्याचे पुढचे पाय जमिनीवरून उठले! घोडा अंतराळात, आम्ही आडवे! काकांना उतरवून पुढे घेतलं, तेव्हा कुठे चाकं फिरली.

"एकच माल दोघांना विकणं," वाटेत नृसिंहराव म्हणाले, "हा गुन्हा आहे."

"दोघांना?" काका म्हणाले. "अहो, सकाळपासून अर्ध्या नगराला विकलाय!"

"मग मोठा गुन्हा आहे."

"तुम्ही आमच्या बाजूने आहात ना?"

"मी फिर्यादी आहे."

माझं लक्ष रस्त्याकडे होतं. लंगडा पाय. उन्हाची वाट. बसला असेल कुठे बाभळीखाली, हट्टाने, नगरकडे तोंड करून. तो फेटेवाला ओढत असेल, मारतही असेल. मी मनात भांडणाची वाक्यं जुळवत होते. फार चांगली जुळली होती.

केडगावच्या पुढच्या चढावर तो दिसला. वाचकहो, काय सांगू! दावं सैल सोडलेलं. कान उभे. तोंडात उसाचं वाढं. लंगड्या पायाचाच एक ठेका धरून सुभेदार वरातीतल्या घोड्यासारखा मिरवत चालला होता! मागे वळून बघणं तर सोडाच, टांग्याची घंटा ऐकूनही त्याने चघळणं थांबवलं नाही.

"रामराम!" श्रीमंत थांबला. "काय इसरलं का माजं?"

"परत!" काका टांग्यातूनच ओरडले.

"व्हय, परतच चाललोय की!"

"तसं नव्हे हो! परत! परत!"

"अवो, चाललोय न्हवं! पळू का आता?"

शेवटी नृसिंहरावांनी खाली उतरून त्याला रीत समजावली. तो ऐकत गेला, तसा त्याचा फेटाच जणू खाली खाली आला.

"म्हंजी पैकं बी द्यायचं आन् जनावर बी द्यायचं? ह्यो कंचा बाजार म्हनायचा?"

"हा धर्म आहे!" काका म्हणाले.

"मंग आदी सांगायचं की! मला वाटलं, नगरची मानसं लई साधी. भोपळ्याच्या मोलानं खेचर इकत्यात! म्हनलं, श्रीमंता, हेंची मती फिरायच्या आत निग!"

"आणि काय करणार होता त्याचं?" माझ्या जुळवलेल्या वाक्यांतलं एवढंच बाहेर आलं. "ओझी लादणार होता?"

"ह्याच्यावर? त्योच लंगडतूया. न्हाई वो ताई. दोन घागरी पानी आनील, पोरं बसतील पाठीवर. आन् दारात खेचर हाय म्हनलं, की चारचौगांत बोलता येतं."

मी सांगितलं की ते माझ्या वडिलांचं आहे. वडील आता नाहीत. एवढंच सांगितलं. त्याने फेटा सारखा केला आणि मुकाट्याने दावं माझ्या हातात दिलं. "न्या मंग. तुमचं हाय."

मी दावं ओढलं. सुभेदार उभा. काकांनी मागून रेटलं. सुभेदाराने शेपटीने काकांचा चष्मा उडवला. नृसिंहराव समोरून समजूत घालायला गेले, तर त्यांच्या उपरण्याचं टोक त्याने वाढ्याबरोबर तोंडात घेतलं. "पुरावा खातोय!" ते ओरडले. मावशी टांग्यातून उतरली, त्याच्या कानाशी गेली आणि मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाली, "चल रे राजा. घरी बाबा वाट..."

ती थांबली. मी दाव्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. ती चांगली होती, तरी बांधली.

मग श्रीमंताने सहज जिभेने 'टक्' केलं, आणि सुभेदार चालू लागला. सुप्याकडे.

चार महिने मी सगळ्यांना सांगत होते, की तो वाट बघतोय. बघत होता, त्यात खोटं नाही. बाहेर कुणी नेतं का, त्याची!

"न्या त्याला," मी म्हणाले आणि दावं श्रीमंताच्या हातात दिलं.

"सारा!" काका.

"परत म्हणायचं नाही, काका."

श्रीमंताने हात जोडले. मावशीने पदर डोळ्यांना लावला. नृसिंहरावांनी आपला दावा सोडल्याचं उदारपणे जाहीर केलं. मीही त्या क्षणी स्वतःला फार थोर वाटले, खोटं कशाला बोलू. टांगा वळला, तेवढ्यात मागून हाक आली.

"वो ताई! येक राह्यलं!" श्रीमंत धावत आला. "तुमी समदे सकाळधरनं पैकं गोळा करत हुता, ते जनावराच्या वैरनीसाटीच न्हवं?"

"हो."

"कंच्या जनावराच्या?"

"सगळ्या. म्हाताऱ्या, लंगड्या..."

"ह्यो लंगडाच हाय," तो म्हणाला. "मंग ह्याची वैरन कवा धाडताय?"

मी नृसिंहरावांकडे पाहिलं. "मुद्दा बिनतोड आहे," ते म्हणाले.

पेटीतल्या पैशांत बाकीच्यांना सुगीपर्यंत पुरेल एवढा कडबा आला, आसरा तगला. आणि दर शनिवारी सर्व्हिस मोटारीच्या टपावर एक भारा टाकून मी सुप्याला जाते. मावशी म्हणते, भारा नुसता पाठवता येईल. येईल. पण मोटारवाले नीट उतरवत नाहीत.

परवा मी उतरले, तर सुभेदाराने श्रीमंताच्या दारातून मला बघितलं, कान टवकारले आणि लंगडत लंगडत थेट माझ्याकडे धावत आला! सगळं गाव बघत होतं. मी दोन्ही हात पुढे केले.

तो माझ्या बाजूने निघून गेला. मागे टपावरून भारा उतरत होता!